शंभराचा बल्ब

वैशाखातल्या कोरड्या वादळात सोमवारी दुपारी चारच्या सुमारास वीज कडाडली आणि मंगळवारी सकाळी साडेआठला प्रकाशचंद शेठच्या रोनकने व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत त्यांच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर उघडा पडलेला होता आणि आतल्या बोर्डावर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. खाली लिहिलं होतं, हाशम वायरमनच्या मुलीने पंधरा दिवसांपूर्वी बसवलेल्या डुप्लिकेट सप्लायमुळे आमचा काटा बंद पडला आहे, बाकीच्यांनी सावध राहावे.

हाशम वायरमन म्हणजे मी. मुलगी म्हणजे तबस्सुम, माझी धाकटी. जळगावला डिप्लोमा करून आली आणि रावेरमध्येच माझ्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याच्या, दुकानात पुढच्या बाजूला तिने कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकलं. पहिली दोन वर्षं लोक येत, टेबलाकडे बघत, आत माझ्याकडे बघत आणि विचारत, दुरुस्त करणारा कधी येईल. ती म्हणायची, आलेला आहे, बसा. काही बसत, बरेच जात. तिसऱ्या वर्षी कुठे टेबलावर जागा पुरेनाशी झाली होती.

फोटो पडल्यावर दुपारपर्यंत तीन जण आपापली मशीन उचलून घेऊन गेले. एकाने सांगितलं की त्याचा भाचा जळगावला निघालाय, तिकडेच दाखवतो. दुसऱ्याने अर्धवट उघडलेला डबा तसाच काखेत मारला आणि स्क्रू मागायलाही थांबला नाही.

मी तिला म्हणालो की चार दिवस जाऊ दे, लोक विसरतात.

ती मीटर, पेचकस आणि तिचा लॅपटॉप पिशवीत भरत होती. "चार दिवसांनी या टेबलावर काय ठेवू, अब्बा? पापड वाळत घालू?"

मग मीही उठलो. माझ्या पिशवीत एकच वस्तू होती, होल्डरमध्ये बसवलेला शंभराचा जुना पिवळा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. आता असले बल्ब कोणी वापरत नाही, पण मला मीटरपेक्षा त्याच्यावर भरवसा आहे. तो आकडा सांगत नाही, उजेड दाखवतो. उजेड सगळ्यांना वाचता येतो.

प्रकाशचंद शेठचा काटा गावाबाहेर, केळीच्या गाड्या निघतात त्या रस्त्यावर आहे. जमिनीत पुरलेला लांबलचक लोखंडी फलाट, त्यावर ट्रक चढतो. बाजूला केबिन, केबिनमध्ये कॉम्प्युटर. मागे लागूनच शेठचं घर. अकरा वर्षांपूर्वी या सगळ्याची नवी वायरिंग मी केली. केबिन आणि घर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत अर्थिंगचा खड्डाही मीच खणला होता. अर्थिंग म्हणजे जास्तीची वीज आली तर तिला जमिनीत उतरायची वाट. खड्ड्यात लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती थर देऊन मीठ आणि कोळसा भरायचा, वर पाइपचं तोंड उघडं ठेवायचं. ते काम मी गावात कोणालाही दाखवायचो. आसपासच्या तीन काट्यांवर वादळात कॉम्प्युटर जळाले, शेठच्या काट्यावर अकरा वर्षांत एक बटणही गेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सहा ट्रक केळी भरून उन्हात उभे होते. रोनक त्यांना हात करून बोदवड रस्त्यावरच्या दुसऱ्या काट्याकडे पाठवत होता. तो शेठचा मुलगा, तिशीतला. आम्हाला पाहिलं तसा त्याचा हात खाली आला.

"चाचा, तुम्ही मोटारी भरा. इथं तुमचं काम नाही," तो म्हणाला. तबस्सुमकडे त्याने पाहिलंही नाही.

केबिनमध्ये एक पाहुणा होता. जळगावहून बोलावलेला योगराज, काट्याच्या कॉम्प्युटरमधला वजनाचा प्रोग्रॅम त्याच्याच ओळखीने बसवलेला. खुर्चीवर प्रकाशचंद शेठ बसले होते. कोपऱ्यात स्टँडवर वीस लिटरचा निळा जार होता. रोनकने त्यातून पाहुण्याला गार पाणी दिलं, केळीचे व्यापारी रुपचंद शेठ गाडीच्या पावतीसाठी थांबले होते त्यांना दिलं, बापाच्या हातातला ग्लास पुन्हा भरला. आम्हाला विचारलं नाही. बाहेर त्या वेळी चव्वेचाळीस डिग्री तरी असेल.

योगराजने आल्याआल्याच निकाल दिला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे सप्लाय, लोकल होता. चांगल्या कंपनीचा असता तर तो स्वतः मेला असता आणि बोर्ड वाचला असता.

"तुम्ही तो तपासला का?" तबस्सुमने विचारलं.

"मॅडम, असे मी दिवसाला दहा बघतो."

"बघता. मी विचारलं तपासला का."

रुपचंद शेठना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात पुसलं. रोनक म्हणाला की हिला मशीनला हात लावू देऊ नका, आता पुरावे बदलेल. त्यावर तबस्सुमने काट्यावरच्या निंबाला हाक मारली. निंबा वीस वर्षं या काट्यावर ट्रक लावतो. ती म्हणाली, निंबाभाऊ, इथं उभे राहा, माझ्या दोन्ही हातांकडे बघत राहा, काही बदललं तर ओरडा. निंबा खरोखरच येऊन तिच्या हातावर नाक टेकवून उभा राहिला.

तिने सप्लाय बाहेर काढला. त्याच्या वायरींच्या जुडग्यातली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडली आणि वीज दिली. डब्यातला पंखा फिरला. मग मीटर लावून व्होल्टचा एकेक आकडा मोठ्याने वाचला. बारा, पाच, तीन पूर्णांक तीन. जिथे जेवढा पाहिजे तेवढा. डुप्लिकेट म्हणून बदनाम झालेला डबा निरोगी होता.

योगराज म्हणाला की पंखा फिरला म्हणजे झालं असं नसतं, क्षणभर जास्त वीज आत सोडून तो पुन्हा शहाणा होऊ शकतो.

"होऊ शकतो," ती म्हणाली. "मग ती वीज कुठे लागली ते बघू."

तिने बोर्ड उजेडात धरला. सप्लायची वायर जिथे लागते ती जागा स्वच्छ होती. प्रोसेसरभोवती काही नाही. डिस्क काढून तिने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, ती घरघरली आणि वजनाच्या सगळ्या नोंदी सोमवारी दुपारपर्यंत जशाच्या तशा दिसल्या. जळालं होतं ते बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. काट्याच्या लोखंडाकडून येणारी केबल जिथे खोचतात त्या खाचेमागची काळी चिप पोट फुटून उघडी पडली होती. मग तिने त्या केबलचं दुसरं टोक पाहायला सांगितलं. निंबाने काट्याजवळची पेटी उघडली. तिथली चिपही तशीच फुटलेली.

"दोन्ही टोकं जयले ना भो," निंबा म्हणाला. "मधलं बाकी सम्दं जितं."

इथे मला ते दिसलं. चाळीस वर्षं मी जळालेल्या मोटारी उघडतोय. जळाल्याची जागा महत्त्वाची नसते, वीज कुठून आली आणि कुठून निघून गेली हे महत्त्वाचं असतं. वीज लाइनवरून केबिनमध्ये आली. तिला जमिनीत जायचं होतं. माझ्या अर्थिंगच्या पट्टीवरून ती सरळ खड्ड्यात जायला हवी होती. ती गेली नाही. ती कॉम्प्युटरच्या पोटातून, केबलमधून, काट्याच्या लोखंडात गेली, कारण ते लोखंड जमिनीत पुरलेलं आहे. म्हणजे माझी वाट बंद होती.

मी केबिनच्या मागे गेलो. सगळे मागे आले. खड्ड्यावरचा दगड बाजूला केला. माती पांढरी पडून भेगाळली होती. पाइपच्या तोंडात बोट घातलं तर कोरड्या मिठाची भुकटी बोटाला लागली.

अर्थिंगची पट्टी केबिनच्या विजेच्या बोर्डापासून सोडवून मी तिला बल्बची एक वायर बांधली, दुसरी वायर केबिनच्या फेजला, म्हणजे चालू विजेच्या तारेला दिली. सगळ्यांना खड्ड्यापासून दूर उभं केलं आणि तबस्सुमला बटण टाकायला सांगितलं. खड्डा चांगला असला तर शंभराचा बल्ब डोळे दिपवतो. इथे काचेच्या आत नुसती तार लाल झाली, विझत आलेल्या विडीसारखी.

योगराज जवळ आला, वाकून बघितलं. माणूस उद्धट होता, पण धंद्यातला होता. "इथं अर्थिंग नाहीच आहे," तो म्हणाला. "मग सप्लाय कोणताही असू द्या."

मला वाटलं, संपलं. रोनक आता ग्रुपवरून तो फोटो काढून टाकेल. पण रोनक हसला.

"वा. आणि हे अर्थिंग कोणी केलं? चाचांनीच ना? म्हणजे मुलगी नाही तर बाप. फोटोखालचं एक नाव बदलतो, घर तेच राहतं." मग रुपचंद शेठकडे वळून म्हणाला, "बापाचा खड्डा पोकळ, मुलीचा डबा लोकल. आणि आम्ही अकरा वर्षं यांच्या भरवशावर."

रुपचंद शेठ या वेळी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्या घरातल्या मीटरची आठवण झाली. ते काम माझंच होतं.

दोष अंगावर घ्यावा असं एकदा मनात आलं. म्हणावं, हो, माझा खड्डा खराब, मुलगी निर्दोष. पण रावेर काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. जिला बापाने शिकवलं तिचं काम बापासारखंच असणार. आणि तो खड्डा खराब नव्हता. अकरा वर्षं चालला. मग यंदाच का कोरडा पडला?

खड्डा ओला ठेवावा लागतो, आठवड्याला बादलीभर पाणी. ते मी तेव्हा सांगितलं होतं. गडी दोन महिने विसरत विसरत टाकत असे, मग त्याने सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात मी आलो तर खड्डा ओलाच होता. नंतर प्रत्येक उन्हाळ्यात ओला. मी ते माझ्या हाताचं कौतुक समजलो, कधी विचारलं नाही.

त्या उन्हात उभं राहून मला हीराबाई आठवल्या. शेठच्या आई. त्या पक्कं पाणी पीत, म्हणजे उकळून गार केलेलं, दुसरं नाही. दिवस मावळायच्या आत उरलेलं पाणी कोरड्या, निर्जीव जागी टाकायचं, त्यात जीव मरू नये म्हणून, हा त्यांचा नेम. मी खड्डा बुजवत होतो तेव्हा त्या काठीवर भार देऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, हाशम, इथं गवत उगवेल का रे, मुंगी येईल का? मी म्हणालो होतो, अक्का, खाली मीठ आहे, मुंगी फिरकणार नाही. बरं झालं, म्हणाल्या होत्या. त्यानंतर अकरा वर्षं रोज संध्याकाळी त्यांचं उरलेलं पाणी या पाइपावर पडत होतं. माझं अर्थिंग त्या चालवत होत्या.

कार्तिकात हीराबाई गेल्या. श्रद्धांजलीच्या सभेला अर्धं गाव होतं, मीही मागे बसलो होतो. प्रकाशचंद शेठ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले की आईचं पक्कं पाणी या घरात बंद होणार नाही, आजपासून ते मी पिणार. बायका रडल्या होत्या. रुपचंद शेठ पहिल्या रांगेत होते.

मी मान वर केली. शेठ माझ्याकडेच बघत होते. हातात तोच ग्लास, बाहेरून घामेजलेला, विकतच्या जारमधल्या गार, कच्च्या पाण्याचा. माझ्या आधी त्यांना कळलं होतं. ते ग्लासाकडे बघत राहिले.

मी त्यांना बाजूला चला म्हणालो. ते आले नाहीत. मग रोनकजवळ गेलो, हळूच सांगितलं की वीज मोठी होती असं लिही, कोणाचंच नाव नको, फक्त मुलीचं नाव काढ आणि आपण इथंच थांबू.

तो मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जावं असं. "का थांबू? सांगा ना कारण. अकरा वर्षं चाललेला खड्डा एका वर्षात मरतो, तो कसा? का कारण नाही म्हणून गयावया चाललीय?"

तबस्सुम माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की बापाला उत्तर ठाऊक आहे आणि तो देत नाहीये.

"शेठ," मी म्हणालो, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुला सांगायचं ते सांग," प्रकाशचंद शेठ म्हणाले.

मग मी सांगितलं. काही वाढवलं नाही. खड्ड्याला पाणी लागतं, ते अकरा वर्षं अक्कांच्या पक्क्या पाण्यातून मिळत होतं, कार्तिकानंतर मिळालेलं नाही, एवढंच. सभेचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. रुपचंद शेठनी एकदा जारकडे पाहिलं, एकदा शेठच्या हाताकडे, आणि मग रस्त्याकडे बघायला लागले.

रोनकला पहिल्यांदा समजलं नाही. समजलं तेव्हा तो माझ्या अंगावर आला. "आमच्या मेलेल्या माणसाला मध्ये आणतो तू? आमच्या घरात काय पितात ते तू बघणार? निघ इथून."

तबस्सुम मध्ये येऊन उभी राहिली. "फोटोत माझं नाव टाकलं तेव्हा मी काय मेले होते?"

तिच्या खांद्यावरून रोनकने हात पुढे केला, मला की बल्बला ते कळलं नाही. निंबाने तो मनगटाशी धरला आणि सोडला नाही. मालकाच्या मुलाचा हात धरायची त्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण त्याचं स्वतःचं तोंड पांढरं पडलं होतं.

"रोनक, जार आण," प्रकाशचंद शेठ म्हणाले.

"पप्पा, तुम्ही आत जा."

"जार आण."

रोनक हलला नाही. शेठ स्वतःच केबिनमध्ये गेले, जार स्टँडवरून उतरवला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. पासष्टी उलटलेला माणूस, दोनदा थांबले. कोणी पुढे झालं नाही. मी तबस्सुमला बटण बंद करायला लावलं, दोन्ही वायरी मोकळ्या असल्याची खात्री केली आणि मागे झालो. त्यांनी जार पाइपाच्या तोंडावर उलटा धरला. पाणी गडगडत उतरलं, माती चुरचुरली, मग जरा वेळ नुसता पाणी पिण्याचा आवाज येत राहिला. अर्धं पाणी त्यांच्या धोतरावर गेलं.

आम्ही थांबलो. पाणी खाली मुरायला वेळ लागतो. रस्त्यावर एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि कोणी लक्ष देत नाही असं पाहून बंद केला.

मग वायरी पुन्हा बांधून तबस्सुमने बटण टाकलं. बल्ब नारिंगी पेटला. बघता बघता पिवळा झाला, आणि भर दुपारच्या उन्हातही त्याच्याकडे बघवेना.

योगराज पहिला बोलला, तोही स्वतःशीच. "कमाल आहे."

तबस्सुमने पिशवीतून तिचं पावतीबुक काढलं. प्रत्येक मशीनमागे ती बिघाड आणि कारण लिहून गिऱ्हाइकाची सही घेते. तिथेच उभ्याने तिने लिहिलं. सप्लाय चालू. डिस्क चालू. काट्याच्या केबलची खाच दोन्ही बाजूंनी जळालेली. कारण, अर्थिंगचा खड्डा कोरडा, पाणी टाकणे बंद.

रोनकने ते वाचलं आणि सांगितलं की शेवटचे तीन शब्द काढ, बाकीवर सही करतो. ती म्हणाली की पुढच्या वादळात मशीन पुन्हा जळेल तेव्हा कोणाचं नाव टाकणार आहेस, म्हणून ते तीन शब्द आहेत.

शेठनी तिच्या हातून पेन घेतलं आणि कागद न वाचता सही केली. मग रोनकला म्हणाले, या कागदाचा फोटो काढ आणि ग्रुपवर टाक.

"सगळा?"

"सगळा."

रोनकने तो आमच्यासमोर टाकला. माफीचा शब्द लिहिला नाही, आम्हीही मागितला नाही. जुना फोटो त्याने पुसला तेव्हा बोट स्क्रीनवर इतकं जोरात दाबलं की मला वाटलं काच फुटेल.

मी बल्ब सोडवला, पट्टी पुन्हा बोर्डाला जोडली, दगड होता तसा ठेवला. शेठ तिथेच उभे होते, ओल्या धोतराने. मी म्हणालो की रोज नको, आठवड्याला एक बादली पुरेल, साधं पाणी चालतं.

"साधं चालतं हे मला शिकवू नकोस," ते म्हणाले. "बल्ब घे आणि जा. पुन्हा या अंगणात यायचं नाही. तू नाही, तुझी मुलगी नाही."

आम्ही निघालो. फाटकापाशी निंबा भेटला. त्याने विचारलं की दुकानात काही काम मिळेल का, इथलं त्याचं आता राहत नाही. त्याला दुसऱ्या काट्यावर लावायला मला पंधरा दिवस लागले.

तबस्सुमचं टेबल आठवड्यात भरलं. नेलेल्या तिघांपैकी दोघे परत आले, काखेत मारून नेणारा पहिला. स्क्रू तिने डबीत जपून ठेवले होते, ते तिने त्याच्यासमोर टेबलावर ओतले आणि मोजून घे म्हणाली. रुपचंद शेठनी आपला कॉम्प्युटर पाठवला, बरोबर निरोपही पाठवला की त्यांच्या घराचा खड्डा येऊन बघून जा. मी गेलो. तोही कोरडाच निघाला.

पण तो कागद ज्या ग्रुपवर पडला त्याच ग्रुपवर शेठची सगळी बिरादरी आहे. जैन स्थानकात कोणी त्यांना काही बोललं नाही म्हणतात. फक्त पुढच्या महिन्यात आईच्या नावाने बसवायच्या पाणपोईचा विषय निघाला तेव्हा तो पुढे ढकलला गेला आणि का ते कोणी सांगितलं नाही.

आषाढात एकदा बँकेच्या पायरीवर प्रकाशचंद शेठ समोरून आले. मी सलाम केला. ते थांबले, वळले नाहीत.

"तू माझ्या आईला साक्षीला उभं केलंस," ते म्हणाले.

मी म्हणालो की माझ्या मुलीसाठी केलं.

"माहीत आहे. म्हणून सही केली." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "आता सलाम करू नकोस."

तेव्हापासून मी करत नाही. त्या रस्त्याने मोटार पोचवायला जातो तेव्हा काट्यासमोर मान खाली घालून पुढे जातो. तबस्सुम मान खाली घालत नाही. ती सरळ केबिनच्या मागे बघते आणि घरी येऊन मला सांगते, दगड ओला होता, किंवा नव्हता.